पणजी : जाऊन-येऊन

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला प्रवासाची हौस फार आणि रजा थोडी. त्यामुळे ‘जाऊन-येऊन’ नावाचा प्रवासाचा एक स्वतंत्र प्रकारच त्याने शोधून काढला आहे. पहाटेची लोकल धरायची, कर्जत, खोपोली, लोणावळा असे काहीतरी गाठायचे, तिथल्या पाण्यात पाय बुडवायचे, चिक्की घ्यायची आणि रात्रीच्या वरणभाताला घरी हजर व्हायचे. आमच्या मुलुंडमध्ये माथेरान जाऊन-येऊन केलेली माणसे घरोघरी आहेत. अंधेरी-बोरिवलीकडच्या मंडळींचे डहाणू-बोर्डी ठरलेले. पण पणजी जाऊन-येऊन? तरीही हिशेब केला तर ते जमते. रात्री ठाण्याला कोकणकन्या एक्स्प्रेस धरायची, सकाळी करमळीला उतरायचे, दिवसभर गाव पाहायचे आणि संध्याकाळी तीच गाडी परतीच्या वाटेवर पकडायची. दोन रात्री गाडीत, एक दिवस गावात. १९९८ साली कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला तेव्हापासून ही सोय आहे. कोणाला सुचली नव्हती एवढेच.

आम्हालाही ती आपण होऊन सुचली असे नाही. सुचवली ती चार फुकट पासांनी.

झाले असे, की घाटकोपरला राहणारे माझे मेहुणे, त्यांच्या चिरंजीवांना कंपनीच्या कसल्याशा समारंभात बक्षीस मिळाले. पूर्वी बक्षीस म्हणून थर्मास मिळे. आता पणजीच्या एका तरंगत्या कॅसिनोचे चार पास मिळतात. प्रवेश, जेवण, पेये आणि वर थोडे खेळायचे कुपन. चिरंजीवांना कामातून सवड नव्हती आणि पासांची मुदत संपत आली होती. फुकटची वस्तू मुदत संपून वाया जाणे हे मध्यमवर्गीय माणसाला जुगारापेक्षाही मोठे पाप वाटते. तेव्हा आमच्या सौभाग्यवती, बँकेतून निवृत्त झालेले मेहुणे, मी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे निघालो. मेहुण्यांच्या सौ.नी ‘जुगाराच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही’ असे सांगून आपला पास सासूबाईंना देऊन टाकला होता.

सासूबाईंना जुगाराशी काही कर्तव्य नव्हते. त्यांचा जन्म पणजीचा, १९४७ सालचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. सहाव्या वर्षी आईचा हात धरून त्या स्टीमरने मुंबईला आल्या, त्या गिरगावच्या चाळीत. पुढे लग्न झाले, नवऱ्याच्या बदल्या झाल्या, मुले झाली. पणजीला त्या शेवटच्या गेल्या त्यालाही चाळीस वर्षे उलटून गेली होती. “तुम्ही काय खेळायचं ते खेळा,” त्या म्हणाल्या, “मला एकदा मांडवी बघू दे.”

आता कॅसिनोसाठी गोव्यालाच का जावे लागते, याची एक मौजेची हकीकत आहे. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा आणि त्यांच्यावर कर बसवणारा कायदा केला. तो कायदा अमलात कधी आलाच नाही. सत्तेचाळीस वर्षे कागदावर झोपून २०२३ साली तो रद्द झाला. त्याच १९७६ साली गोव्यात जुगाराला बंदी करणारा कायदा झाला. त्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांतल्या टेबलांना वाट करून दिली गेली. म्हणजे परवानगी देणाऱ्या कायद्याने कोणालाच परवानगी दिली नाही आणि बंदी घालणाऱ्या कायद्याच्या पोटात कॅसिनो वाढले! व्याकरणात अपवादाने नियम सिद्ध होतो असे मी वर्गात शिकवतो. इथे अपवादानेच नियमाचे घर बळकावले होते.

पोर्तुगिजांनी आपल्या मकाव वसाहतीत १८४७ सालीच जुगार कायदेशीर केला होता. मांडवीच्या पात्रात कॅसिनो आले ते मात्र त्यांचे राज्य जाऊन तीन तपे लोटल्यावर. यात कोणाला हसायचे ते वाचकांनी ठरवावे.

असो. करमळीला उतरलो तेव्हा उन्हे वर आली होती. स्टेशनाला लागूनच एक मोठे तळे आहे. थंडीच्या दिवसांत त्यावर पाखरांची जत्रा असते. सासूबाई फलाटाच्या टोकाशी उभ्या राहून ती पाखरे पाहत राहिल्या आणि मेहुणे टॅक्सीवाल्याशी भाव करीत राहिले. टॅक्सी जुन्या गोव्यावरून निघाली. त्या प्रचंड चर्चच्या मधून जाताना, एके काळी ही केवढी राजधानी होती आणि रोगराईने ती कशी ओस पडली, हे मी सांगू लागलो, पण सौ.ने “हे आम्हाला परतताना सांगा” असे म्हणून माझा तास संपवला. पुढे रायबंदर आणि रायबंदरहून पणजीपर्यंत पाण्यातून गेलेला तो लांबलचक दगडी बांध. १६३० नंतरच्या दशकात पोर्तुगिजांनी तो बांधला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे, मधून रस्ता. मुलुंड-भांडुपच्या माणसाला मिठागरांचे कौतुक ते काय? पण इथली मिठागरे पाण्याला टेकून आरशासारखी पडली होती आणि पलीकडे नदी आपल्याच तोऱ्यात चालली होती. त्या दिवसातला निर्भेळ आनंदाचा भाग कोणता असे कोणी विचारले, तर ही तीन-साडेतीन किलोमीटर.

टॅक्सीवाला कोकणीत बोलत होता. कॅसिनोत कधी गेला होतास का, असे सासूबाईंनी त्याला त्याच्याच भाषेत विचारले. तो हसून म्हणाला, “आमकां भितर सोडिनात, मावशे.” खरेच आहे ते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशाला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. नोकरीला असेल तर आत जावे, खेळायला जाऊ नये. मोनॅकोतही असेच आहे. माँटे कार्लोचा कॅसिनो १८६३ सालचा. पण त्या देशाच्या नागरिकाला तिथे डाव मांडता येत नाही. आपल्या माणसांना जे घातक ते पाहुण्यांना खुशाल द्यावे, हा अतिथिधर्म मात्र मला कुठल्या ग्रंथात आढळलेला नाही.

पणजीत प्रथम महालक्ष्मीचे देऊळ. पोर्तुगीज अमलात पणजीत हिंदूंना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेले हे देऊळ. सासूबाईंच्या आईचा इथे दर शुक्रवारी नेम असे. तिथून आम्ही मळ्यात आलो. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी तिथे एक जुना झरा आहे. फॉन्तेनाश हे शेजारच्या वस्तीचे नाव त्या झऱ्यावरूनच पडले. त्या वस्तीतल्या पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती आता फार प्रसिद्धीस आल्या आहेत. प्रत्येक भिंतीपुढे एक मुलगी उभी आणि तिच्यापुढे तिचा फोटो काढणारा कोणीतरी. घरात राहणाऱ्या माणसांना आपल्याच दारातून बाहेर पडताना फोटो संपायची वाट पाहावी लागत होती. सासूबाईंना आपले जन्मघर काही ओळखता येईना. दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. तीन घरांपुढे त्या थबकल्या आणि तिन्ही वेळा मान हलवून पुढे निघाल्या. झरा मात्र त्यांनी लांबूनच ओळखला. पायऱ्या उतरून त्यांनी हात ओला केला आणि डोळ्यांना लावला. “घागर भरली की आई मला इथं राखणीला बसवायची,” एवढेच बोलल्या.

मग अदिलशाहाचा वाडा. पणजीतली ही सर्वांत जुनी इमारत. अदिलशाहाने बांधली, पोर्तुगिजांनी जिंकली, १७५९ साली तिथे त्यांचे व्हाइसरॉय राहायला आले आणि स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे तिथे गोव्याची विधानसभा भरत असे. शेजारी आबे फारियाचा पुतळा. संमोहनविद्येचा हा गोमंतकीय आचार्य एका स्त्रीवर हात पसरून उभा आहे; गोव्याचेच शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा आहे. समोरच नदीत कॅसिनोंची जहाजे. संमोहनाच्या आचार्याला यापेक्षा समर्पक शेजार नगरपालिकेला शोधूनही सापडला नसता.

दिवसाउजेडी ती जहाजे पाहून आमची पहिली निराशा झाली. रात्री ती दिव्यांनी लखलखतात म्हणे. भर दुपारी ती भाद्रपद संपल्यावरच्या गणपतीच्या मांडवासारखी दिसत होती : पत्रे, दोऱ्या, विझलेल्या दिव्यांच्या माळा आणि मोठमोठ्या अक्षरांच्या पाट्या. अशी सहा धुडे मांडवीच्या ऐन पात्रात नांगर टाकून बसलेली आहेत. त्यांना इथून हलवावे म्हणून पणजीकरांनी मोर्चे काढले, सरकारांनी आश्वासने दिली, मुदती दिल्या आणि त्या वाढवून दिल्या. जुलै २०१७ मध्ये असेच एक जहाज पावसात भरकटून मिरामारच्या वाळूत रुतले आणि काही महिने तिथेच तिरके उभे होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या जहाजांवर हजारो माणसे कामाला आहेत आणि राज्याच्या तिजोरीत त्यांच्याकडून मोठा पैसा येतो. खाणी बंद पडल्यावर तो पैसा सोडणे कोणत्याही सरकारला सोपे नाही. तेव्हा नदी कोणाची हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो.

जेटीवरच्या कचेरीत मेहुण्यांना अडवले. चपला चालत नाहीत, बूट हवेत! बँकेत छत्तीस वर्षे चपला घालून नोकरी केलेल्या मेहुण्यांना हा अपमान सोसवेना. पण पास फुकट जाईल या भयाने त्यांनी बाजारात जाऊन साडेआठशे रुपयांचे बूट घेतले. फुकट सहलीचा हा पहिला खर्च. मग ओळखपत्रे. काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंचे कार्ड हातात घेऊन नेहमीचा प्रश्न केला, “गोव्याच्या नाही ना तुम्ही?”

“हांव पणजेचीच,” सासूबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या.

मुलगी गोंधळली. तिने आतल्या साहेबाला बोलावले. त्याने कार्डावरचा घाटकोपरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, “पत्ता मुंबईचा आहे. चालेल.” सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. पणजीत जन्मलेल्या बाईला पणजीची नाही असे ठरवून आत घेतले होते.

छोट्या होडीने आम्हाला जहाजावर नेऊन सोडले. आत गेल्याबरोबर दिवस मावळला! खिडकी नाही, घड्याळ नाही, उन्हाचा कवडसा नाही. पायाखाली लाल-सोनेरी गालिचा, अंगावर थंडगार वारा, नाकात अत्तर आणि सिगारेटचा मिश्र वास, कानात यंत्रांची किणकिण. सिनेमात कॅसिनो पाहिलेला असतो : काळा सूट, पांढरे हातमोजे, मंद संगीत, एका पत्त्यावर सारे राज्य. इथे दुपारी दीडला एक बाई गालिच्यावरून झाडणी-यंत्र फिरवत होती. अर्ध्या टेबलांमागे ईशान्येकडची, नेपाळकडची मुले-मुली हात मागे बांधून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती. जी टेबले भरलेली होती तिथली माणसे राज्य हरायला आलेली दिसत नव्हती; रात्रभर जागून सकाळची गाडी चुकलेल्या उतारूंसारखी दिसत होती. कोणी हसत नव्हते. जिंकणारासुद्धा हसत नव्हता. चिपांचा ढीग सरळ करून तो पुढच्या डावाकडे पाहत होता. खेळ म्हणायचे तर आपले अंदर-बाहर आणि तीन पत्तीच, फक्त हिरव्या मखमलीवर. गोकुळाष्टमीला गच्चीवर काड्यापेटीच्या काड्या लावून खेळतो तेच.

मेहुणे मात्र रूलेटच्या चाकापाशी वही-पेन्सिल घेऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी मला बाजूला घेतले. “हे बघा. चाकावर घरं सदतीस : एक ते छत्तीस आणि एक शून्य. आपला आकडा आला तर देतात पस्तीसपट आणि आपले शंभर परत. म्हणजे सगळ्या घरांवर शंभर शंभर लावले तर गेले सदतीसशे, आले छत्तीसशे. शंभराला दोन रुपये सत्तर पैसे घरमालकाचे.”

“मग फार नाही,” मी म्हणालो.

“फार नाही? आमच्या बँकेत व्याज वर्षाचं धरतात. इथं दर दोन मिनिटांनी धरतात!”

शिवाय सरकारचा वाटा निराळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपांसाठी मोजलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर बसू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्के झाला. हे सगळे गणित करून झाल्यावर मेहुण्यांनी आपले फुकटचे कुपन लावले आणि अकरा मिनिटांत ते गेले. माझे सात मिनिटांत गेले. सौ.ला दोनदा मिळाले, तिसऱ्यांदा सगळे गेले. आणि आश्चर्य असे, की दोनदा मिळाल्यावर तिचा चेहरा मला क्षणभर अनोळखी वाटला. “आणखी एकदाच” हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिलाही ते कळले असावे, कारण ती ताडकन उठली आणि म्हणाली, “चला, जेवून घेऊ.” पनीरचे तीन प्रकार होते आणि तिन्हींची चव एकच होती.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे; फासे घर कसे धुऊन नेतात हे तिथे जुगारीच सांगतो. मृच्छकटिकात देणे चुकवून पळालेला जुगारी देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, आणि फाशांचा आवाज येताच त्या मूर्तीला राहवत नाही. हे प्रसंग मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो. त्या दुपारी ते मला डोळ्यांपुढे दिसले, आणि त्यात रंगवण्यासारखे काहीच नव्हते.

“नदी कुठं आहे?” सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारले.

नदी! आम्ही मांडवीच्या छातीवर बसलो होतो आणि मांडवी कुठून दिसेना. जिथे खिडकी असायची तिथे पडदा, पडद्यामागे फळी. शेवटी एका वाढप्याला दया आली. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला लहानसा सज्जा होता, तिथे त्याने आम्हाला नेले. दार उघडले आणि खारा वारा तोंडावर आला. समोर अदिलशाहाचा वाडा, झाडांची रांग, डावीकडे पूल, आणि मधून हिरवट, रुंद, संथ मांडवी. सासूबाई कठडा धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी बोट दाखवले.

“स्टीमर तिथं लागायची. आम्ही वर होतो आणि बाबा खाली धक्क्यावर. टोपी हातात घेऊन उभे होते.”

ही गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती; त्यांच्या मुलांनीही धड ऐकली नव्हती. त्यांचे वडील पणजीत एका दुकानात कारकून होते. १९५३ साली त्यांनी बायकोला आणि मुलीला गिरगावात मामाकडे पाठवले. सामानाची आवराआवर करून वर्षभरात आपणही यायचे असे ठरले होते. १९५४ पासून जाण्या-येण्यावर निर्बंध आले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि रेल्वेही थांबली. कधी कोणी आडवाटेने आले तर निरोप येई, नाहीतर नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर त्यांचे वडील मुंबईला आले. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती.

“आई रोज विचारायची, कुठं असतील? पैसे नव्हते, ते नव्हते, त्याचं तिनं काही म्हटलं नाही. पण कुठं आहेत ते कळत नव्हतं, त्यानं ती खंगली,” सासूबाई म्हणाल्या. मागे दार उघडून एक गृहस्थ सिगारेट पेटवायला आले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि आम्ही आत वळलो.

परतीच्या होडीत आमच्या समोर एक तरुण बसला होता. तिशी-पस्तिशीचा, चुरगळलेला निळा शर्ट, डोळे लाल. आमचे मराठी बोलणे ऐकून तो पुढे सरकला. “सर, एक मिनिट फोन मिळेल का? माझा बंद पडलाय.” मी फोन दिला. तो तोंड फिरवून हळू आवाजात बोलू लागला. पण होडी ती केवढी, सगळे ऐकू येत होते. “हां, मीच. पुण्यातच आहे अजून. मीटिंग लांबली. उद्या येतो. बाळ झोपलं का?” फोन परत देताना त्याने दोनदा आभार मानले. आम्ही जेटीबाहेर टॅक्सीची वाट पाहत होतो तेव्हा तो समोरच्या एटीएममधून बाहेर आला, नोटा खिशात कोंबल्या आणि जवळजवळ धावतच पुढची होडी गाठली.

करमळीला गाडी वेळेवर आली. पाखरे तळ्यावर उतरत होती. पण आता कोणाला ती पाहायची उमेद नव्हती. मेहुण्यांनी नवे बूट काढून पिशवीत ठेवले. थिवी गेले, सावंतवाडी गेली. कुडाळच्या आसपास माझा फोन वाजला.

“मगाशी या नंबरवरून फोन आला होता,” बाईचा आवाज होता, तरुण आणि फार जपून बोलणारा. “तुम्ही त्यांचे पुण्याचे ऑफिसातले का? ते आहेत का तिथं?”

वाचकहो, शब्दांचाच धंदा करून मी पोट भरतो. पण त्या वेळी मला एक शब्द सापडेना. खरे सांगावे तर एका अनोळखी घरात आपण आग लावणार. खोटे सांगावे तर त्याच्या खोट्यात भागीदार होणार. “एक मिनिट हं,” म्हणून मी फोनवर हात ठेवला आणि मंडळींना हलकेच सांगितले. “आपण कशाला पडायचं मध्ये?” सौ. म्हणाली. मेहुणे खिडकीबाहेर पाहू लागले. सासूबाईंनी हात पुढे केला. “इकडे द्या.”

“मुली,” त्या म्हणाल्या, “मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. तुला ओळखत नाही, तुझ्या नवऱ्यालाही ओळखत नाही. तो पणजीला आहे. कॅसिनोच्या जहाजावर. आम्ही त्याला संध्याकाळी पाहिला. धडधाकट आहे. पैसे काढून परत आत गेला.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती बोलली असावी, कारण सासूबाई म्हणाल्या, “किती गेले ते मला ठाऊक नाही. पाहिलं तेवढं सांगितलं. तू एकटी आहेस का? मग आईला नाहीतर सासूला बोलावून घे. आज रात्री एकटी बसू नकोस.” पुन्हा थोडा वेळ गेला. “पैसे कुणाच्या नावावर आहेत? दोघांच्या? थांब.” आणि त्यांनी फोन मेहुण्यांच्या हातात दिला.

दिवसभर चिडचिड करणारे मेहुणे एकदम पूर्वीचे बँकेतले मेहुणे झाले. संयुक्त खात्यातल्या कोणाही एका धारकाला व्यवहार थांबवायला सांगता येते. बँकेच्या मदतीच्या क्रमांकावर आता, रात्रीच फोन कर. सांगितल्याची नोंद आणि तिचा क्रमांक माग. सकाळी शाखा उघडताच लेखी अर्ज घेऊन जा. बाळाच्या नावची ठेव मोडली आहे का ते पाहा. एकेक गोष्ट ते सावकाश सांगत होते आणि ती लिहून घेत असावी. मध्येच बोगदा आला आणि फोन तुटला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतः लावला आणि उरलेले सांगितले.

“काय म्हणत होती?” मी विचारले.

“म्हणाली, मला वाटतच होतं, पण कुणी सांगत नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि शाल ओढून भिंतीकडे तोंड करून निजल्या.

तीन दिवसांनी माझ्या फोनवर एक संदेश आला. ‘ते काल घरी आले. सासरे येऊन राहिले आहेत. खात्यातले निम्मे वाचले. आजींना नमस्कार सांगा.’ एवढाच. तो मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला.

आता या सहलीबद्दल कोणी विचारले की आम्ही चौघे चार उत्तरे देतो. सौ. म्हणते, वेळ फुकट गेला. मेहुणे खर्चाची बेरीज सांगतात : टॅक्सी, बूट, रेल्वेची तिकिटे, चहा, म्हणजे फुकटच्या पासांपायी साडेसहा हजार रुपये. मी म्हणतो, पणजीला जरूर जा. रायबंदरच्या बांधावरून जा, मळ्यातल्या झऱ्यापाशी बसा, फॉन्तेनाशात कोणाच्या दारात उभे राहून फोटो काढू नका. आणि नदी पाहायची असेल तर काठावरून पाहा, जहाजात बसून ती दिसत नाही. सासूबाई काही म्हणत नाहीत. परवा मात्र त्यांनी मेहुण्यांना विचारले, पुढच्या थंडीत दोन दिवस पणजीला राहायचे झाले तर मळ्याच्या बाजूला एखादी साधी खोली मिळेल का? जन्मघर या खेपेला सापडले नाही. नीट वेळ काढून शोधायचे आहे.

मेहुणे चौकशी करीत आहेत. बूट त्यांनी चिरंजीवांना देऊन टाकले.